लाटण-रुळांवरील अतिभार व त्याचे निवारण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी समाजाची पूर्वपीठिका, विवाहातील अनिष्ट खर्च, मुलींचे शिक्षण इत्यादी विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येथे पुष्कळ आहेत. माझे सारे आयुष्य पोलादाच्या पट्ट्या लाटणाऱ्या गिरण्यांत गेले. तेव्हा जे मला ठाऊक आहे तेच आपणांपुढे ठेवावे, असा विचार मी केला. विषय थोडा रुक्ष वाटेल. पण तो आपल्या घराशी, आपल्या पिढीजात धंद्याशी आणि आपल्या मुलांच्या उद्याच्या भाकरीशी निगडित आहे, हे शेवटपर्यंत ऐकल्यास आपणांस पटेल, अशी आशा आहे.

चांद्याचे लोखंड

लोखंड, लाकूड, तांबे-पितळ, दगड आणि सोने या पाच वस्तूंवर हात चालविणाऱ्यांचा आपला समाज. चांदा जिल्ह्यात लोहारा, पिंपळगाव, देवळगाव या गावांचे खनिज फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. लोहारा हे नावच पुरेसे बोलके आहे. आपल्या पूर्वजांच्या काळी या रानात मातीच्या लहान भट्ट्यांतून, लाकडी कोळशावर लोखंड काढले जाई. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ त्यातूनच होत.

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने लोहाऱ्याच्या परिसरातील लोखंडाच्या धंद्याविषयी एक अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढावा ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली. म्हणजे टाटांच्या पोलादाचे पहिले स्वप्न आपल्या चांद्यावरून पडले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु वरोऱ्याचा कोळसा कोक करण्यास योग्य ठरला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूस्तरज्ञ यांनी या रानात पुन्हा शोध केला, पण मोठ्या कारखान्यास पुरेल असा मेळ येथे जमेना. नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना प्रमथनाथ बोस यांचा दुर्ग जिल्ह्याचा नकाशा पाहावयास मिळाला आणि शोधाची दिशा पूर्वेकडे वळली. अखेर १९०७ साली कंपनी नोंदली गेली व कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. त्याच दुर्ग भागातील डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पुढे भिलाईचा कारखाना उभारला गेला, आणि आपल्या विदर्भातून कितीतरी तरुण पोट भरण्यासाठी तिकडे गेले. खनिज आपल्या रानात आणि धूर दुसऱ्याच्या गावी, अशी ती गोष्ट झाली.

आता काळ बदलला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चंद्रपुरास १९७४ साली महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी निघाली. २०११ साली ती भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाली. तेथे मँगेनीजचे मिश्रधातू तयार होतात. घुग्घुस येथे स्पंज आयर्न होते. वर्ध्याजवळ भूगाव येथे पत्र्याच्या गुंडाळ्या तयार करणारा कारखाना आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २०१६ पासून खाणकाम सुरू झाले, आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे २०२५ च्या जुलै महिन्यात वर्षाला ४५ लाख टनांच्या पोलाद कारखान्याचे भूमिपूजन झाले. त्या खाणीविषयी तेथील आदिवासी बांधवांच्या मनात जंगल, पाणी आणि देवस्थाने यांच्या भवितव्याची चिंता आहे. ती चिंता खोटी नाही, आणि तिचे निराकरण झाल्यावाचून या उद्योगाला कोणी यशस्वी म्हणू नये. परंतु कारखाने येणार असतील, तर त्यांत आपल्या दोन जिल्ह्यांतील मुले केवळ पाटी-घमेले उचलावयास राहणार, की यंत्रासमोर जाणतेपणाने उभी राहणार, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. आजचा विषय मी निवडला तो याच प्रश्नासाठी.

लाटणे म्हणजे काय?

लाटणे ही क्रिया येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीस ठाऊक आहे. कणकेचा गोळा पोळपाटावर ठेवून लाटणे फिरविले की तो पातळ होतो व पसरतो. कणीक सैल असेल तर हात हलका चालतो, घट्ट असेल तर मनगटाला रग लागते. पोलादाच्या गिरणीत पोळपाट नसतो. त्याच्या जागी दुसरे लाटणेच असते. एकावर एक असे दोन रूळ विरुद्ध दिशांना फिरतात आणि त्यांच्या फटीतून तापलेली पट्टी ओढली जाते. आपल्या सोनार बांधवांच्या दुकानातील हाताने फिरवायचे पत्रा लाटण्याचे यंत्र म्हणजे याच गिरणीचे धाकटे भावंड होय.

ज्या भाराने रूळ पट्टीला दाबतात, त्याच भाराने पट्टी रुळांना उलट रेटीत असते. हा रेटा किती, याचा हिशोब अवघड नाही. तो चार गोष्टींवर अवलंबून असतो: पट्टीची रुंदी, धातूचा विरोध, रूळ व पट्टी यांच्या स्पर्शाची लांबी आणि घर्षण. स्पर्शाची लांबी काढावयाची, तर रुळाची त्रिज्या आणि जाडीतील घट यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. पट्टी १ मीटर रुंद आहे, रुळाची त्रिज्या ३५० मिलिमीटर आहे, आणि ६ मिलिमीटरची पट्टी एका फेरीत ४ मिलिमीटर करावयाची आहे. घट २ मिलिमीटर. ३५० गुणिले २ म्हणजे ७००. त्याचे वर्गमूळ सुमारे २६. म्हणजे स्पर्शाची पट्टी जेमतेम दीड बोट रुंद. तापलेल्या पोलादाचा विरोध दर चौरस मिलिमीटरला १५ किलो धरला, तर रुळांवरील भार सुमारे ४०० टन होतो. घर्षणाची भर धरली तर तो पाचशे टनांच्या जवळ जातो. दीड बोट रुंदीच्या जागेवर पाचशे टन! हा भार रुळाच्या पोटावर, त्याच्या दोन्ही मानांवर, बेअरिंगांवर, चॉकवर आणि शेवटी उभ्या लोखंडी चौकटीवर येतो.

भार कशामुळे वाढतो?

गिरणी बांधणारा अभियंता हा भार मोजूनच रूळ देतो, आणि वर थोडी शिल्लकही ठेवतो. मग अतिभार होतो कसा? माझ्या अनुभवात त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण थंडपणा. लोहाराला हे शिकवावे लागत नाही. लोखंड लाल असताना घण चालतो. काळे पडल्यावर घातलेला घाव कामावर न बसता मनगटात बसतो. पोलाद शंभर अंशांनी थंड झाले, तर त्याचा विरोध साधारणपणे चौथाईने ते तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. वरच्या उदाहरणात १५ चे २० झाले, की ४०० टनांचे ५३० टन होतात. रुळांची फट मात्र तीच असते. पट्टीचे शेपूट भट्टीबाहेर सर्वांत अधिक वेळ थांबते, म्हणून तेच सर्वांत थंड असते. लगड वरून तापलेली पण आत कच्ची असली, तरी हेच घडते. उष्णता धातूत मुरावी लागते, आणि मुरण्यास वेळ द्यावा लागतो.

दुसरे कारण धातूची जात. साध्या पोलादाच्या जागी मँगेनीज अधिक असलेले बळकट पोलाद आले आणि फटीची मांडणी जुनीच राहिली, तर भार वाढतो. आपल्या चंद्रपूरच्या मिश्रधातूने पोलाद बळकट होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट; पण ते बळ प्रथम रुळांना जाणवते, हे गिरणीवाल्याने विसरू नये. गार पट्टी लाटणाऱ्या गिरणीत तर धातू प्रत्येक फेरीला अधिक कठीण होत जातो. सोनार दोन-तीन फेऱ्यांनंतर पत्र्याला ताव देऊन मऊ करतो, तो याचसाठी.

तिसरे कारण हाव. एका फेरीत २ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटर घट घेतली, तर वर्गमूळाच्या नियमाने भार दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. म्हणून कित्येकांस वाटते की अजून वाव आहे. परंतु रूळ फिरविणाऱ्या दांड्यावरील पीळ म्हणजे भार गुणिले स्पर्शाची लांबी या हिशोबाचा. दोन्ही १.४ पट झाले की पीळ दुप्पट होतो. भाराच्या काट्यावर सारे ठीक दिसत असताना जोडदांडा पिळून तुटतो तो असा. भाराची मर्यादा वेगळी आणि पिळाची मर्यादा वेगळी. दोन्हींवर डोळा हवा.

चौथे आणि सर्वांत भयंकर कारण घडी. आपण घडीची पोळी मुद्दाम करतो. गिरणीत ती नकळत होते. पट्टीचे शेपूट मागच्या रुळांतून सुटले, की तिला सरळ धरणारा ताण नाहीसा होतो. ती एका बाजूस सरकते, काठ बाजूच्या मार्गदर्शकावर चढतो, दुमडतो, आणि एकाच्या जागी दोन पदर फटीत शिरतात. शेवटच्या रुळांत ३ मिलिमीटरची पट्टी अडीच मिलिमीटर होत असेल, तर घट अर्धा मिलिमीटरची. तेथे दुमडलेली ६ मिलिमीटरची घडी आली, की घट होते साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे सातपट. त्या चार-सहा बोटे रुंदीच्या जागी भार अडीचपटींहून अधिक वाढतो. घडीची जागा थंड असते म्हणून तो आणखी चढतो. रुळाच्या कांतीला तेथे भेग पडते, आणि ती भेग कित्येकदा त्या दिवशी दिसतही नाही.

सुधारलेल्या यंत्रातील एक धोका

आता एका गोष्टीकडे मी तरुणांचे विशेष लक्ष वेधतो. पाचशे टनांचा रेटा आला की लोखंडी चौकटसुद्धा ताणली जाते. एक मिलिमीटर ताणण्यास पाचशे टन लागत असतील, तर त्या भाराखाली फट एक मिलिमीटरने उघडते. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पट्टीची जाडी केवळ मांडलेल्या फटीवर ठरत नाही. तीत चौकटीच्या ताणाची भर पडते. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील लोखंड-पोलाद संशोधन संस्थेने या नियमाचा उपयोग करून, भार मोजून जाडी ओळखण्याची व फट आपोआप सुधारण्याची पद्धती पुढे आणली. आज बहुतेक सर्व मोठ्या गिरण्यांत हे जाडीचे स्वयंनियमन असते.

हे उत्तमच, पण त्यात एक खाच आहे. थंड शेपूट आले, की भार वाढतो, चौकट ताणते, जाडी वाढते. स्वयंनियमनाचे यंत्र म्हणते, जाडी वाढली. फट कमी करा. फट कमी केली की भार आणखी वाढतो. यंत्र आपले काम चोख करीत असते आणि रूळ मात्र संकटाकडे ढकलले जातात. म्हणून त्या यंत्राच्या हाताला मर्यादेची दोरी बांधलेली असावी लागते: अमुक टनांच्या पुढे जाडी साधो वा न साधो, फट आवळावयाची नाही. शेपटाचे दोन-चार हात थोडे जाड राहिले तर ते कापून भट्टीत टाकता येतात. मोडलेला रूळ मात्र सांधता येत नाही.

निवारणाच्या तीन पायऱ्या

निवारणाची पहिली पायरी भट्टीपासून सुरू होते. लगड आतपर्यंत मुरू द्यावी; भट्टीतून काढल्यावर वाटेत रेंगाळू देऊ नये; थंड झालेली लगड ओळीतून बाजूस काढण्यास कचरू नये. त्यानंतर घटीची वाटणी. पाच-सहा स्टँडची गिरणी म्हणजे एकत्र कुटुंब होय. एकाच भावावर सारे ओझे टाकले, तर तो आधी खचतो आणि मग घर खचते. एखाद्या स्टँडचा भार मर्यादेच्या जवळ आला, तर त्याची थोडी घट मागच्या-पुढच्या स्टँडांनी वाटून घ्यावी. शेवटची जाडी तीच राहते आणि कोणाच्याही मानेवर जू बसत नाही. नव्या गिरण्यांत ही वाटणी गणकयंत्र करते, तीही पट्टी चालू असताना. पण वाटणीचे तत्त्व ज्याला कळले नाही, तो गणकयंत्राची चूक ओळखणार कशी?

याच पायरीवर ताणाचा विचार येतो. पट्टीला पुढून-मागून योग्य ताण असला, की रुळांना कमी दाबावे लागते. म्हणून शेपटाकडचा ताण सुटण्यापूर्वी वेग उतरवावा, मार्गदर्शक नीट मिटवावेत, आणि फट किंचित उघडावी. रूळही शक्य तितके बारीक घ्यावेत, कारण त्रिज्या कमी तर स्पर्श कमी आणि भारही कमी. बारीक रूळ वाकतो, म्हणून त्याच्या पाठीशी जाड आधार-रूळ देतात. चार रुळांच्या स्टँडचे रहस्य एवढेच आहे. सेंझिमिर नावाच्या पोलिश अभियंत्याने तर अगदी पातळ व कठीण पत्र्यासाठी बोटभर-दोन बोटे जाडीच्या कामाच्या रुळांमागे आधार-रुळांची फौज उभी केली, आणि तशी वीस रुळांची गिरणी आजही जगभर चालते.

दुसरी पायरी मोजमापाची. प्रत्येक स्टँडच्या दोन्ही बाजूंस भारमापक असतात. त्यांच्या बेरजेवर मर्यादा असतेच, पण त्यांच्या वजाबाकीवरही असावी. कारण डाव्या-उजव्या भारातील अंतर अकस्मात वाढले, तर पट्टी सरकत आहे किंवा घडी पडत आहे, याची ती पहिली चाहूल असते. मोटारीचा विद्युतप्रवाह पिळाची बातमी देतो. आधी इशारा, मग थांबणे, असे दोन टप्पे ठेवावेत.

तिसरी पायरी शेवटच्या संरक्षणाची. द्रवदाबावर चालणाऱ्या गिरणीत भार मर्यादेबाहेर जाताच झडप उघडते व काही शतांश सेकंदांत रूळ एकमेकांपासून दूर होतात. जुन्या व लहान गिरण्यांत हे काम एक साधा बिडाचा ठोकळा करतो. वरचा स्क्रू आणि रुळाचा चॉक यांच्यामध्ये तो बसविलेला असतो. त्याला ब्रेकर म्हणतात. पिळासाठी तशीच एक मऊ पिन जोडदांड्यात असते. त्यांचे काम एकच: संकट आले की स्वतः मोडावयाचे, पण रुळाला मोडू द्यावयाचे नाही. साऱ्या यंत्रात हेतुपुरस्सर दुबळा ठेवलेला हा एकच अवयव आहे, आणि त्याच्या दुबळेपणातच यंत्राचे रक्षण आहे.

एक अनुभव

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. ती एक लहान रोलिंग मिल होती. नावाचे येथे प्रयोजन नाही. एका आठवड्यात तेथे तीन वेळा ब्रेकर मोडला. दर वेळी दोन-अडीच तास काम बंद पडे व मालाचा आकडा घसरे. वरिष्ठांचा तगादा सुरू झाला. तेव्हा पाळीच्या मुख्याने बिडाच्या जागी पोलादाचा ठोकळा करवून बसविला आणि सर्वांस सांगितले, "आता काही मोडायचे नाही." आठ दिवस खरोखरच काही मोडले नाही, आणि त्याची वाहवाही झाली.

नवव्या दिवशी, रात्रपाळीत, अर्धी कच्ची लगड रुळांत शिरली. ठोकळा अभंग राहिला. मधल्या रुळाची मान तुटली. तापलेली पट्टी उसळून जमिनीवर वेटोळी पसरली. तिच्या वाटेत त्या क्षणी कोणी नव्हते, एवढीच देवाची कृपा. नवा रूळ येण्यास दीड महिना लागला. तेवढे दिवस रोजंदारीवरच्या माणसांच्या चुली कशा पेटल्या, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. मागाहून चौकशीत निघाले ते इतकेच, की भट्टीचा एक बर्नर नीट जळत नव्हता आणि एका बाजूच्या लगडी आत कच्च्या राहत होत्या. तीन वेळा मोडून ब्रेकर हेच सांगत होता. त्याचे ऐकण्याऐवजी त्याचे तोंड बंद करण्यात आले.

मित्रहो, आज ठोकळे बदलण्याची गरज उरलेली नाही. पडद्यावरचा भारमर्यादेचा आकडा बाराशेऐवजी चौदाशे करणे ही एका बोटाची गोष्ट झाली आहे. पण त्या बोटामागे जे मन आहे ते तेच जुने आहे. रूळ एकदम मोडतो असे नाही. पुष्कळदा अतिभाराने आत बारीक भेग पडते, पुढच्या हजारो फेऱ्यांत ती वाढत जाते, आणि एके दिवशी चांगल्या, गरम, नियमातल्या पट्टीवर रुळाचे कवच उडते. तेव्हा दोष त्या दिवशीच्या पाळीवर येतो. करणारा दुसराच असतो. म्हणून घडी पडली किंवा पट्टी रुळाला गुंडाळली गेली, की तो रूळ काढून तपासावयाचा, ध्वनिलहरींनी आतली भेग शोधावयाची, दुखावलेला थर घासून काढावयाचा, आणि झाला प्रकार वहीत लिहावयाचा, हा नियम कोणाच्याही भिडेने मोडू नये.

आपले कर्तव्य

आता समारोपाकडे वळतो. या सर्व विवेचनातून मी तीन गोष्टी आपणांपुढे ठेवू इच्छितो.

एक, पालकांना. कारखाना आला म्हणजे नोकरी आली, एवढ्यावर समाधान मानू नका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचे शिक्षण मिळते; चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. मुलगा असो वा मुलगी, पात्रतेप्रमाणे त्यांस तेथे पाठवा. नियंत्रण-कक्षात बसून भाराच्या काट्याकडे पाहण्यास दंडातील बळ लागत नाही. लक्ष आणि समज लागते, आणि ती आपल्या मुलींपाशी भरपूर आहे.

दोन, तरुणांना. गिरणी थांबविण्याचे बटण दाबण्यास धैर्य लागते, कारण आकडा चुकला म्हणून बोलणी खाणारे आपणच असतो. तरीही थंड लगड परत पाठविणारा, मर्यादा वाढविण्यास नकार देणारा, आणि घडलेले वहीत जसेच्या तसे लिहिणारा कामगार हाच खरा कारागीर. आपल्या आजोबांनी काळ्या लोखंडावर घण घातला नाही. तो आळस नव्हता. ती त्यांची विद्या होती. विद्येचे हे बीज आपल्या घरात आहे. त्याला गणिताचे खतपाणी घालणे एवढेच तुमच्याकडे आहे.

तीन, मंडळाला. विद्यार्थ्यांस साहाय्य देताना पुस्तकांबरोबर यंत्रदर्शनाचीही सोय व्हावी. वर्षातून एकदा दहा-वीस मुलामुलींना एखादी गिरणी, एखादी भट्टी दाखवून आणावी. समाजातील निवृत्त फिटर, मिस्त्री, फोरमन यांना बोलावून त्यांचे अनुभव मराठीत लिहून घ्यावेत. रुळांविषयीचे ज्ञान इंग्रजी पुस्तकांत पुष्कळ आहे. आपल्या माणसांच्या हातांतले ज्ञान मात्र लिहिले न गेल्यामुळे त्यांच्याबरोबर जाते. आणि ही दारे उघडताना आपल्या समाजापुरती उघडू नयेत. या रानाचे पहिले रहिवासी जे माडिया आणि गोंड बांधव, त्यांच्या मुलांनाही त्या सहलीत जागा असावी. डोंगर त्यांचा आणि ऐरण आपली, असे या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोळसा अनुकूल नव्हता म्हणून पोलाद आपल्या दारावरून निघून गेले. त्यात आपला दोष नव्हता. या खेपेस ते दारात आले असता, आपल्या अंगी कौशल्य नाही म्हणून आपली मुले बाहेर उभी राहिली, तर तो दोष मात्र आपला असेल. तसे होऊ नये, अशी विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करतो.